उत्तीर्णांचे वाङ्मय

इंग्लंडमधल्या ‘इलेव्हन प्लस’ या परीक्षेच्या आसपास गेल्या साठ-सत्तर वर्षांत जे वाङ्मय तयार झाले, ते एका फळीवर ओळीने लावून पाहिले तर एक गोष्ट चटकन लक्षात येते. रेमंड विल्यम्सचे वडील रेल्वेत सिग्नलमन, डेव्हिड स्टोरी आणि डेनिस पॉटर यांचे वडील खाणकामगार, टोनी हॅरिसनचे बेकरीत कामाला, अ‍ॅलन बेनेटचे खाटीक. रिचर्ड हॉगार्ट तर लीड्सच्या कामगारवस्तीत आजीने वाढवलेला पोरका मुलगा. घरे साधी, आणि ही सगळी मुले वयाच्या अकराव्या वर्षाच्या आगेमागे वेचून घेतली गेलेली. काहींची परीक्षा १९४४ च्या आधीची, तेव्हा तिला नुसते ‘स्कॉलरशिप’ म्हणत. पण चाळण तीच. या लेखकांनी कादंबऱ्या लिहिल्या, कविता लिहिल्या, नाटके लिहिली, संस्कृतिसमीक्षा लिहिली. परीक्षेत मागे राहिलेल्यांची पुस्तके मात्र शोधावी लागतात. दर चार मुलांमागे साधारण तीन मुले मागे राहत होती, हे लक्षात घेतले तर ही फळी किती एका बाजूला कललेली आहे ते कळते.

मला या लेखात या कललेल्या फळीविषयीच बोलायचे आहे. मुलाला निवड करणाऱ्या शाळेत घालावे की न करणाऱ्या, हा प्रश्न तिकडचे आईबाप आजही दरवर्षी तोलत बसतात. ते तोलताना निकालाचे तक्ते पाहतात, शाळांना भेटी देतात, हे खरेच. पण तक्त्याच्याही आधी त्यांच्या मनात एक गोष्ट घर करून असते: गरिबाघरचे हुशार पोर, एक परीक्षा, आणि मग उघडलेले दार. ही गोष्ट याच फळीवरून आलेली आहे.

आधी थोडा इतिहास. १९४४ च्या बटलर कायद्याने इंग्लंड आणि वेल्समध्ये माध्यमिक शिक्षण सर्वांना मोफत झाले. कायद्यात शाळांचे तीन प्रकार कुठेही लिहिलेले नव्हते. मुलाचे वय, क्षमता आणि कल पाहून शिक्षण द्यावे एवढेच होते. पण अंमलबजावणीत तीन कप्पे झाले: पुस्तकी अभ्यासाची ‘ग्रामर’, हस्तकौशल्याची ‘टेक्निकल’ आणि उरलेल्यांची ‘सेकंडरी मॉडर्न’. टेक्निकल शाळा फारशा निघाल्याच नाहीत. राहिले दोन कप्पे, म्हणजे पास आणि नापास. ग्रामरमधल्या जागांचे प्रमाण जिल्ह्याजिल्ह्याला वेगळे होते, त्यामुळे एका गावात नापास ठरलेला मुलगा शेजारच्या परगण्यात पास झाला असता. काही ठिकाणी मुली जास्त संख्येने पास होतात म्हणून त्यांच्यासाठी गुणांची रेघ वर सरकवली जाई. बुद्धी बहुतांशी जन्मजात असते आणि ती लहानपणीच मोजता येते, या समजुतीला सिरिल बर्ट या मानसशास्त्रज्ञाच्या अधिकारवाणीचा मोठा आधार होता. १९७१ मध्ये तो वारला आणि पुढच्या काही वर्षांत त्याच्या जुळ्या भावंडांवरच्या आकडेवारीवर गंभीर संशय घेतला गेला. १९७९ मध्ये त्याच्या चरित्रकारानेच ती बनावट असल्याचा निष्कर्ष काढला. बर्टची बाजू घेणारे पुढेही निघाले. पण तोवर मुलांच्या दोन पिढ्या त्या चाळणीतून गेल्या होत्या.

१९६५ मध्ये मजूर पक्षाचे शिक्षणमंत्री अँथनी क्रॉसलंड यांनी ‘१०/६५’ हे परिपत्रक काढून स्थानिक संस्थांना सर्व मुलांसाठी एकच, म्हणजे ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’, शाळा करण्याची विनंती केली. तेव्हा बाराशेच्या वर ग्रामर शाळा होत्या. आज इंग्लंडमध्ये १६३ उरल्या आहेत आणि त्यांत सरकारी माध्यमिक शाळांतली सुमारे ५ टक्के मुले शिकतात. गंमत म्हणजे कॉम्प्रिहेन्सिव्हच्या सर्वाधिक योजनांना मंजुरी दिली ती पुढे शिक्षणमंत्री झालेल्या मार्गारेट थॅचर यांनी, ज्या स्वतः ग्रँथमच्या मुलींच्या ग्रामर शाळेतून आल्या होत्या.

आता वाङ्मयाकडे. हॉगार्टचे ‘द यूझेस ऑफ लिटरसी’ १९५७ चे. त्यातला ‘स्कॉलरशिप बॉय’ हा भाग ज्याने वाचला आहे त्याला ग्रामर शाळेची कहाणी नुसती यशाची राहत नाही. घरातल्या एकाच खोलीत रेडिओ चालू, आई इस्त्री करते आहे, भावंडे बडबडताहेत आणि एका कोपऱ्यात हा मुलगा गृहपाठ करतो आहे. तो हळूहळू घरातल्या माणसांपासून सुटत जातो आणि ज्या वर्गात पोचतो तिथलाही पुरता होत नाही. हॉगार्ट हे हळवे न होता लिहितो, आणि त्यातच त्याचे मोठेपण आहे. पाच वर्षांनी, १९६२ मध्ये, ब्रायन जॅक्सन आणि डेनिस मार्सडेन यांचे ‘एज्युकेशन अँड द वर्किंग क्लास’ आले. दोघेही हडर्सफील्डचे, दोघेही तिथल्याच ग्रामर शाळांत शिकलेले. गावाला ‘मारबर्टन’ असे टोपणनाव देऊन त्यांनी ग्रामर शाळा पार केलेल्या ८८ कामगारवर्गीय मुलामुलींचा माग काढला आणि त्यांच्या आईबापांनाही गाठले.

मला या पुस्तकातले आईबापच जास्त आठवतात. मुलगा पास झाल्याचा आनंद, आणि मग शाळेच्या पहिल्याच वर्षात लागलेली धाप. कुठली भाषा घ्यावी, कुठला विषय सोडला तर पुढे कुठले दार बंद होते, हे सांगणारे घरात कोणी नाही. शाळेत जाऊन विचारायची भीड. मध्यमवर्गीय बाप ज्या प्रश्नावर मुख्याध्यापकांना सहज भेटून येई, त्याच प्रश्नाने गिरणीतला बाप रात्रभर तळमळे. शिवाय जॅक्सन-मार्सडेन यांना आणखी एक गोष्ट आढळली: या यशस्वी ‘कामगार’ घरांपैकी बऱ्याच घरांचे धागे पूर्वी मध्यमवर्गाशी जुळलेले होते, म्हणजे ही खाली घसरलेली मध्यमवर्गीय कुटुंबेच पुन्हा वर चढत होती. आणि वर चढलेली ही मुले, त्यांतली कितीतरी पुढे शिक्षक झालेली, त्याच निवडपद्धतीची कट्टर राखणदार बनली होती. शिडी चढलेल्याला शिडी प्रिय असते, यात नवल नाही. पण या पुस्तकाचे लेखकही उत्तीर्णच आहेत आणि त्यांनी गाठले तेही उत्तीर्णांनाच. दाराच्या आत गेल्यावर काय हरवते, ते हॉगार्टपासून जॅक्सन-मार्सडेनपर्यंत सर्वांनी उत्तम सांगितले. दाराबाहेर काय झाले, ते सांगायला तिथे कोणी नव्हते.

इथे बॅरी हाइन्स येतो. ‘अ केस्ट्रल फॉर अ नेव्ह’ ही त्याची कादंबरी १९६८ ची. केन लोचने पुढच्याच वर्षी तिच्यावर ‘केस’ हा चित्रपट केला, तो आपल्याकडच्या फिल्म सोसायट्यांच्या प्रेक्षकांना परिचित असेल. बार्न्सलीच्या खाणपट्ट्यातला, सेकंडरी मॉडर्न शाळेत शिकणारा बिली कॅस्पर. बाप घर सोडून गेलेला, थोरला भाऊ जड खाणीत आणि घरात दांडगाई करणारा. बिली केस्ट्रल जातीचा एक छोटा ससाणा पकडतो आणि पुस्तकावरून शिकून त्याला माणसाळवतो. हे पुस्तक त्याने दुकानातून चोरलेले असते, कारण वाचनालयाला पालकाची सही हवी असते.

या कादंबरीतले दोन प्रसंग माझ्या विषयाच्या गाभ्याशी आहेत. पहिला वर्गातला. फार्दिंग नावाचे इंग्रजीचे शिक्षक बिलीला काहीतरी खरे घडलेले सांगायला लावतात. इतरांच्या आग्रहावरून तो ससाण्याविषयी बोलू लागतो आणि थांबतच नाही. पायाच्या वाद्या, दोरी, मुठीवर येणारा पक्षी, एकेक पायरी, एकेक पारिभाषिक शब्द. शिक्षकाला तो शब्द ठाऊक नसतो; तो विद्यार्थ्याला स्पेलिंग विचारतो. ज्या मुलावर ‘पुस्तकी शिक्षणाला लायक नाही’ असा शिक्का मारला आहे, त्याने एक जुनी विद्या पुस्तकातून आत्मसात केली आहे! हाइन्स हे बोलून दाखवत नाही, याबद्दल त्याचे आभार मानायला हवेत.

दुसरा प्रसंग त्याच तासाचा. मुलांना एक थापेबाज, अशक्यप्राय गोष्ट लिहायला सांगितलेली असते. बिली लिहितो: सकाळी अंथरुणातच न्याहारी मिळाली, मोठे घर होते, जड सैन्यात निघून गेला, वडील परत आले, शाळेत सगळे शिक्षक चांगले वागले. कादंबरीत ही गोष्ट त्याच्या चुकांसकट छापली आहे. दुसऱ्या कुणाची रोजची सकाळ ही या मुलाची सर्वांत मोठी थाप आहे. शाळा सोडणाऱ्या मुलांना नोकरीबद्दल सल्ला देणारा अधिकारी पुढे त्याची मुलाखत घेतो तेव्हा त्याच्या फॉर्मवर दोनच रकाने असल्यासारखे वाटते, ऑफिसात की अंगमेहनत. आणि बिलीला एवढेच ठाऊक असते की खाणीत जायचे नाही.

ही नापासाची कादंबरी खरी. पण लिहिली कुणी? बॅरी हाइन्स स्वतः ग्रामर शाळेत गेलेला. त्याचा धाकटा भाऊ रिचर्ड परीक्षेत नापास झाला आणि सेकंडरी मॉडर्नमध्ये गेला. ससाणे माणसाळवणारा होता तो रिचर्ड. ‘केस’च्या चित्रीकरणासाठी पक्षी तयार केले तेही त्यानेच, आणि बिलीचे काम करणाऱ्या डेव्हिड ब्रॅडली या मुलाला ते हाताळायला शिकवले तेही त्यानेच. एकाच घरातले, एकाच खाणकामगाराचे दोन मुलगे. एकाला लेखणी मिळाली, दुसऱ्याकडे विषय होता. रिचर्ड हाइन्सचे स्वतःचे पुस्तक, ‘नो वे बट जेंटलनेस’, आले ते २०१६ मध्ये, म्हणजे भावाच्या कादंबरीनंतर ४८ वर्षांनी. त्याच वर्षी बॅरी वारला.

दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत. वाङ्मयीन दृष्ट्या थोरल्याची सरस. त्यात वाद नाही. बॅरीच्या गद्यात एक शब्द इकडचा तिकडे करता येत नाही, रिचर्डचे कथन सैल आहे, पाल्हाळाचे आहे. पण बॅरीच्या कादंबरीत जे नाही ते रिचर्डच्या पुस्तकात आहे: पुढचे आयुष्य. बिली कॅस्पर कायम पंधरा वर्षांचा राहतो. शेवटी मेलेला पक्षी पुरून तो घरी येऊन झोपतो आणि कादंबरी संपते. रिचर्ड मोठा होतो, माहितीपट काढतो, विद्यापीठात शिकवतो, आणि तरीही अकराव्या वर्षी मिळालेला निकाल त्याच्या मनात जागाच असतो. ज्याची पुढे सगळी प्रगती झाली त्याच्याही मनातून ‘मी त्यातला नाही’ हे जात नाही. पुस्तकाचे शीर्षक ससाणा माणसाळवण्याच्या विद्येतून आले आहे: या पक्ष्याला मारून शिकवता येत नाही, हळुवारपणाच लागतो. कादंबरीतल्या मुख्याध्यापकांची छडी आठवली की हे शीर्षक नुसते पक्ष्याविषयी राहत नाही.

ब्रिटनचे माजी उपपंतप्रधान जॉन प्रेस्कॉट हेही नापासांतले. आपल्याला आवडणारी मुलगी पास झाली आणि आपण लिहिलेले प्रेमपत्र तिने स्पेलिंगच्या चुका दुरुस्त करून परत पाठवले, ही हकीकत ते उतारवयातही सांगत. लोक हसत. मला ती हसण्यासारखी वाटत नाही.

मग उत्तीर्णांच्या गोष्टीचा एवढा दबदबा का? एक कारण मायकेल यंगच्या पुस्तकाच्या नशिबात दिसते. १९५८ मध्ये त्याने ‘द राइज ऑफ द मेरिटॉक्रसी’ हे उपहासाचे पुस्तक लिहिले. २०३४ सालातला एक आत्मसंतुष्ट समाजशास्त्रज्ञ त्याचा निवेदक. बुद्धी अधिक कष्ट म्हणजे गुणवत्ता, तिच्यावरच सगळी पदे वाटली जातात, आणि म्हणून खाली राहिलेल्यांना स्वतःला दिलासा द्यायला काही उरत नाही. पूर्वी ते निदान ‘आम्हाला संधी मिळाली नाही’ असे म्हणू शकत. शेवटी बंड होते आणि तळटीप सांगते की निवेदक त्यात मारला गेल्याने त्याला मुद्रिते तपासता आली नाहीत. पण शब्दाने लेखकाला दगा दिला. ‘मेरिटॉक्रसी’ ही शिवी म्हणून रूढ केलेली संज्ञा दोनएक पिढ्यांत शाबासकी झाली. २००१ मध्ये वृद्ध यंगला वर्तमानपत्रात लेख लिहून टोनी ब्लेअरना सांगावे लागले की हा शब्द कौतुकाने वापरू नका. उपहास कळायलाही वाचकाने आपण कुठल्या बाजूचे आहोत हे थोडा वेळ विसरावे लागते. उत्तीर्णांना ते जमत नाही. तसेच अ‍ॅलन बेनेटच्या ‘द हिस्टरी बॉइज’चे. २००४ च्या या गाजलेल्या नाटकात १९८० च्या दशकातल्या शेफील्डमध्ये एक ग्रामर शाळा आहे. वास्तवात शेफील्डच्या सरकारी शाळा तोवर कॉम्प्रिहेन्सिव्ह होऊन बराच काळ लोटला होता. प्रेक्षकांना त्याचे काही वाटले नाही. ग्रामर शाळा आता आठवणीतली जागा झाली आहे, आणि आठवणीला तारीख लागत नाही.

या आठवणींच्या जोरावर आजचे आईबाप जे तोलतात, ते मात्र वेगळेच आहे. माझी भाची लंडनच्या पश्चिमेला, स्लावजवळ राहते. स्लाव हा निवड टिकवून धरलेला भाग आहे. बकिंगहॅमशर, केंट, लिंकनशर यांसारखाच. मुलगा चौथीत असल्यापासून आठवड्यातून दोनदा शिकवणी, घरी शब्दांच्या आणि आकृत्यांच्या कोड्यांच्या पत्रिका. परीक्षा सप्टेंबरात, निकाल ऑक्टोबरात, ३१ ऑक्टोबरला शाळांचे पसंतीक्रम भरायचे, १ मार्चला शाळा कळणार. मी हॉगार्ट, हाइन्स वगैरे सुरू केले तेव्हा ती म्हणाली, “मामा, आम्ही दोघंही परीक्षा देऊनच इथवर आलो ना? मग त्यानं का नाही द्यायची?” नंतर जरा थांबून, “आणि तू लेख लिहिशील. मला मार्चमध्ये शाळा हवीये.”

तिचे दुसरे वाक्य बिनतोड आहे. पहिले मात्र पुन्हा फळीवरचे. ती आणि तिचा नवरा परीक्षा देऊन पुढे आले ते बारावीनंतर, वयाच्या सतराव्या वर्षी. अकरा वर्षांच्या मुलाची परीक्षा ही वेगळी गोष्ट आहे. तिथे मुलाइतकीच आईबापांची चौथीपासूनची तयारी मोजली जाते. २०१६ च्या सुमारास थेरेसा मे यांनी नव्या ग्रामर शाळांवरची बंदी उठवायचे ठरवले होते (पुढच्या वर्षी बहुमत गेले आणि बेत बारगळला). तेव्हाच्या चर्चेत पुन्हा पुन्हा पुढे येणारा आकडा असा: ग्रामर शाळांत मोफत जेवणास पात्र, म्हणजे गरीब घरांतली, मुले ३ टक्क्यांहून कमी, सर्व सरकारी माध्यमिक शाळांत १३-१४ टक्के. भारतीय आणि चिनी वंशाची मुले या शाळांत लोकसंख्येच्या मानाने पुष्कळ आहेत. आपली माणसे तिथे पोचली याचा आनंद आहे. पण ती सिग्नलमनची आणि खाणकामगारांची मुले नव्हेत. २०१८ मध्ये डरम विद्यापीठाच्या स्टीफन गोरार्ड आणि नादिया सिद्दिकी यांनी दाखवले की मुले मुळात कोणती येतात हे हिशोबात धरले, तर ग्रामर शाळांच्या निकालांत शाळेचे म्हणून वेगळे श्रेय फारसे उरत नाही.

शब्दांचाही एक पेच आहे, आणि समीक्षकाला तो सोडून पुढे जाता येत नाही. पालक म्हणतात, ‘ग्रामर की कॉम्प्रिहेन्सिव्ह?’ पण केंट किंवा बकिंगहॅमशरमध्ये वरचा थर काढून घेतल्यावर जी शाळा उरते ती कॉम्प्रिहेन्सिव्ह नसते. ‘निवड न करणारी’ हे तिचे सभ्य नाव. खरे तर ती निवडीतून उरलेली शाळा आहे. जिथे ग्रामर नाही त्या गावच्या कॉम्प्रिहेन्सिव्हशी तिची तुलनाच होत नाही, तिथे तर सगळे एका छपराखाली असतात. म्हणजे एका घराने केलेली निवड शेजारच्या घरापुढची निवडच बदलून टाकते. भाचीला मी हे सांगितले. तिला ते ठाऊक होते. “तिथं कोण कोण येतं ते बघ ना,” एवढेच ती म्हणाली, आणि माझ्या मते संपूर्ण चर्चेतले सर्वांत प्रामाणिक वाक्य हेच आहे. मूल काय शिकेल यापेक्षा ते कुणाशेजारी बसेल, याची काळजी.

आपल्याकडे हे परके नाही. स्पर्धापरीक्षेने सहावीत प्रवेश देणाऱ्या नवोदय विद्यालयांपैकी अगदी पहिल्या दोहोंतले एक आपल्या अमरावतीला निघाले, १९८५-८६ मध्ये. तीनचतुर्थांश जागा ग्रामीण मुलांसाठी राखून. ही शिडी इंग्लंडच्या आजच्या शिडीपेक्षा पुष्कळ न्याय्य आहे, हे मान्य. पण आपल्याकडच्या आत्मचरित्रांची फळी पाहा. शिक्षणाने माणूस कसा उभा राहिला याची आपली मोठी, थोर पुस्तके, त्यांत दलित आत्मकथनेही आली, लिहिली आहेत ती दारातून आत गेलेल्यांनी. बाहेर राहिलेला वर्गमित्र त्यांत एखाद्या परिच्छेदापुरता येतो. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी वरून खाली ज्ञान झिरपेल या कल्पनेवर टीका करून सर्वांच्या प्राथमिक शिक्षणाचा आग्रह धरला, तेव्हा ते या वर्गमित्राची बाजू मांडत होते. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने शेजारशाळेची, सर्वांच्या समान शाळेची शिफारस केली, तीही त्याच्याच बाजूने. दोन्ही कागद आपण आदराने ठेवून दिले आहेत.

इंग्लंडमध्ये १९९८ च्या कायद्याने नव्या ग्रामर शाळांना बंदी केली आणि असलेल्यांचे काय करायचे ते पालकांच्या मतदानावर सोपवले. असे मतदान आजवर एकदाच झाले, २००० मध्ये, यॉर्कशरमधल्या रिपन गावात. ग्रामर शाळेची निवड टिकवावी या बाजूने साधारण दोनास एक असा कौल पडला. मतदार होते ग्रामर शाळेला मुले पुरवणाऱ्या शाळांतल्या मुलांचे पालक, म्हणजे ज्यांच्या मुलांची परीक्षा अजून व्हायची होती असे. ज्यांचे मूल निकाल घेऊन गावातल्या दुसऱ्या शाळेत जाऊन बसले होते, त्यांना, घरात धाकटे भावंड त्या शाळांपैकी एखाद्या शाळेत नसेल तर, मत नव्हते.